डॉक्टरांची मोटार दुरुस्तीला गेलीया

नेमगोंडा डॉक्टरांचा पाय मोटारीच्या तळातून खाली गेला, तो गुरुवार होता, निपाणीच्या बाजाराचा. मागच्या शिटावर बसायला म्हणून त्यांनी उजवा पाय आत टाकला आणि पत्रा पापडासारखा मोडला. यमनाप्पा कंपाउंडर पुढं स्टिअरिंगवर बसलेला होता. तो उडी मारून मागं आला. डॉक्टर एका पायावर आत अडकून उभे होते आणि मोडलेल्या पत्र्याची कड पोटरीत घुसली होती.

"आक्का! आक्का, भाईर या!"

तारामती पदर खोचत अंगणात आली. दोघांनी मिळून पाय हळूच वर काढला. रक्त बरंच गेलं होतं. डॉक्टर पायरीवर बसले, स्वतःच्या पोटरीकडं जरा वाकून बघितलं आणि बायकोला म्हणाले, "तारा, गंजलेलं लागलंय ह्यास्नी. आयोडीन लाव आन् कुठलं गाव म्हून इचारून घे."

यमनाप्पानं तोंड फिरवलं. तारामतीनं आयोडीन आणून लावलं. डॉक्टरांना झोंबलं तसे ते दचकले आणि मग कुठं त्यांना उमगलं की पाय आपलाच आहे.

डॉक्टरांना असं व्हायला लागून तीनेक वर्षं झाली होती. आधी माणसांची नावं जायला लागली, मग गावांची. एकदा त्यांनी एका पोराला मोठ्या माणसाचा डोस लिहून दिला. यमनाप्पानं ते बघितलं, मुकाट्यानं बाटलीत निम्मं औषध घातलं आणि आत येऊन तारामतीच्या पायाशी बसून रडला. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याचं रस्त्याकडचं दार उघडलं नाही. येणाऱ्या पेशंटांना यमनाप्पा पलीकडच्या गल्लीतल्या नव्या डॉक्टरांकडं पाठवायचा.

दवाखाना बंद झालेला डॉक्टरांच्या ध्यानात आला नाही, पण मोटार मात्र ते विसरले नाहीत. रोज सकाळी न्याहारी झाली की ते कोट चढवायचे, बॅग घ्यायचे आणि छपराखाली जाऊन उभे राहायचे. "यमन्या, चल. उशीर झालाय."

ही मोटार त्यांनी कोल्हापूरच्या एका साहेबाकडून घेतली होती, तेव्हा ती जवळजवळ नवीच होती. हिरवा रंग, काळं हूड, दाबला की बदकासारखा ओरडणारा रबरी भोंगा. डॉक्टरांच्या पाटील घराण्यात तंबाखू पिकवायची आणि विकायची, पुस्तकं वाचायची नाहीत. नेमगोंडा पहिलाच शिकला, पुण्याला जाऊन डॉक्टर झाला, आणि परत आला तो इथल्याच पेशंटांसाठी. चिकोडीपासून कागलापर्यंत ही गाडी फिरली. वेदगंगेला पूल होता तो लांबच्या वाटेवर होता, म्हणून डॉक्टर जत्राटच्या उतारातून गाडी पाण्यात घालायचे. मडगार्डापर्यंत पाणी यायचं. पलीकडं चढून गेलं की गाडी खालून निथळत उभी असायची. गाडी पुसायला यमनाप्पा, पण तळाखाली कोण जाऊन पुसणार? वर्षानुवर्षं ते पाणी आणि ती वाळू पत्र्याच्या घडीत राहिली. आधी मडगार्डाच्या कडेला तांबूस फोड आले. मग दाराच्या खालच्या अंगाला रंगाचे पोपडे सुटले. लढाई सुरू झाली, पत्रा मिळेना, रंग मिळेना, पेट्रोल कुपनावर गेलं, आणि गंजाकडं बघायचं राहूनच गेलं.

त्या गाडीत तारामती डॉक्टरांच्या शेजारी बसायची. खेड्यातल्या बाळंतिणीजवळ परक्या पुरुषाला जाऊ देत नसत. डॉक्टर मग उंबऱ्याबाहेर पाठ करून बसायचे आणि आत तारामती. ते बाहेरून विचारायचे, ती आतून सांगायची, ते सांगतील तसं ती करायची. असं करता करता पुढं पुढं ते विचारायचेच कमी. तिचं तिलाच कळायला लागलं. येताना गाडीत ते म्हणायचे, "आज तू डॉक्टर, मी ड्रायव्हर." मग भोंगा वाजवायचे, रस्त्यावर कुणी नसलं तरी.

दवाखाना बंद झाल्यावरही गाडी बंद करणं तिच्यानं झालं नाही. आता यमनाप्पा चालवायचा आणि डॉक्टर मागं बसायचे. जवळच्या दोन-चार गावांतून फेरी मारून ते घरी यायचे. गावांनाही हळूहळू कळलं. बाळाबाई नावाची एक म्हातारी होती, ती भोंगा ऐकला की मुद्दाम रस्त्यावर येऊन बसायची आणि हात पुढं करायची.

"डॉक्टर, नाडी बगा की. लई धडधडतंय."

डॉक्टर नाडी धरायचे. डोळे मिटायचे. त्यांचा चेहरा तेवढ्यापुरता पूर्वीसारखा व्हायचा.

"काय न्हाय तुला. तूप कमी खा."

"कुठलं तूप आन् कुठलं काय," म्हातारी हसायची आणि ते गेले की पदरानं डोळे पुसायची.

तारामती ह्यावर काही बोलायची नाही. लग्नाआधी एका आर्यिकामाताजींसमोर, म्हणजे जैन साध्वींसमोर, तिनं जी व्रतं घेतली होती त्यात खोटं न बोलणं हेही होतं, आणि ते तिनं पाळलं होतं. नवरा सकाळी विचारायचा, "आज लई पेशंट हायत का गं?" तेव्हा ती म्हणायची, "जाऊन या." हे खोटं नाही, असं तिनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

पायाची जखम बांधून झाल्यावर तिनं यमनाप्पाला जोतिरामाकडं पाठवलं. जोतिराम पूर्वी बेळगावात खडेबाजारात मोटारींच्या पत्र्याचं काम करायचा. लढाईत काम बसलं तेव्हा तो निपाणीला सासुरवाडीला येऊन राहिला होता आणि तंबाखूवाल्यांच्या डब्यांना कथलाचा डाग देऊन पोट भरत होता. तो आला, पोतं टाकून गाडीखाली आडवा झाला आणि बराच वेळ आत हातोडीनं ठोकून बघत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांवर तांबडा भुगा पडलेला होता.

"वैनीसाब, तळ तर गेलाच हाय," तो म्हणाला. "पर तळाचं काय न्हाय, बॅरलचा पत्रा कापून घालता येतोय. ह्या दोनी बाजूच्या पट्ट्या हायत न्हवं, ज्येच्यावर समदं बसलंय, त्या पोखरल्यात. त्या कापायच्या म्हंजे गाडी उघडी करायला लागंल. महिना, दीड महिना. इंजिन मातर बेस हाय."

"आन् न्हाय केलं तर?"

"न्हाय केलं तर हितंच बसंल एक दिस. फळी टाकून चालंल थोडी. पर लांब नगं, आन् पाण्यात तर मुळीच नगं." तो हात पुसत थांबला. "करायचं का मोडीत घालायची, त्ये तुमी सांगा. मी सांगत न्हाय."

संध्याकाळी, दिवस बुडायच्या आत जेवणं उरकताना, डॉक्टरांचा धाकटा भाऊ बाबगोंडा आला. तो शेती बघायचा. जोतिरामाचं बोलणं ऐकून तो एकदम म्हणाला, "वैनी, ह्यात इचारायचं काय? करून घ्या. दादाचा जीव त्या गाडीत हाय. गाडी गेली की त्यो आठ दिस काढणार न्हाय."

"आन् केली तर?" तारामती म्हणाली. "केली तर आणि किती वरसं असं फिरवायचं त्यास्नी, भावजी? लोकं नाडी दावत्यात म्हून?"

"मग दावू द्यात की. त्येनी लोकांचं कमी केलंय व्हय?"

डॉक्टर ताटावर मान खाली घालून बसले होते. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरून ठेवलेला होता. मोटारीबद्दल चाललंय हे त्यांना कळलं की नाही कुणास ठाऊक. ते म्हणाले, "आमटी झ्याक झालीया," आणि तुकडा परत ताटात ठेवला.

तारामतीनं उत्तर उद्यावर टाकलं. उद्याचं परवा झालं. यमनाप्पानं मागच्या तळावर एक जाड फळी टाकली, तिच्यावर पोतं अंथरलं, आणि गाडी छपराखाली उभी राहिली. डॉक्टरांना तो रोज सांगायचा, पेट्रोलचं कुपन आलं न्हाय. हे मात्र खरं होतं. टाकीत थोडंसंच तेल उरलेलं होतं.

दिवाळी होऊन गेली होती, सकाळी धुकं पडायचं. एका सकाळी तारामती बस्तीत, जैन मंदिरात, पूजेला गेली होती आणि यमनाप्पा दळण आणायला. परशराम नावाचा एक तरुण शेतकरी वेदगंगेपलीकडच्या वस्तीवरून पळत पळत निपाणीत आला. त्याची बायको अंजनी पहाटेपासून अडली होती. वस्तीतल्या सुईणीनं हात टेकले होते. परशराम कागलाकडचा, दोनच वर्षांपूर्वी सासऱ्याचा मळा करायला इकडं आलेला. नेमगोंडा डॉक्टर म्हणजे बाळंतपणातला देव, एवढंच त्यानं ऐकलं होतं. पुढचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. कसं सांगणार? गावोगावी जे चाललं होतं ते सगळे जाणून होते, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

डॉक्टर कोट घालून, बॅग मांडीवर घेऊन ओसरीवर बसलेलेच होते.

"डॉक्टरसाब, बायकू अडलीया! पाया पडतो, चला!"

डॉक्टर उठले. परशराम पुढं कितीतरी वेळा सांगायचा की ते असे उठले, असे बोलले, की कुणालाही ते ठणठणीत वाटले असते. त्यांनी विचारलं, पाणी कवा गेलं? पयली खेप का? पाय पुढं आलाय का डोकं? एकही प्रश्न चुकीचा नव्हता. मग त्यांनी छपराकडं बोट केलं. "हँडल मार. घाबरू नगं, मी हाय."

परशरामानं हँडल मारलं. गाडी सुरू झाली. डॉक्टर स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि गल्लीतून भोंगा वाजवत गाडी बाहेर पडली. लोकांनी बघितलं. शेजारी यमनाप्पा असेल असं वाटून कुणी हटकलं नाही. जत्राटच्या रस्त्यावर ते सरळ गेले, एकाही वळणावर चुकले नाहीत. उतारावर आले, गाडी पाण्यात घातली, आणि पाणी अर्ध्या चाकापर्यंत आलं तिथं त्यांनी गाडी थांबवली.

"काय झालं, डॉक्टरसाब?"

डॉक्टर नदीकडं बघत होते. "आपुन कुठं निघालोय?"

"माज्या घराकडं! अंजनी... बायकू अडलीया न्हवं!"

"कुनाची?"

परशराम आधी घाबरला, मग ओरडला, मग त्यानं हात जोडले. डॉक्टर त्याच्याकडं कौतुकानं बघत राहिले, एखाद्या भल्या पाहुण्याकडं बघावं तसं. मागच्या फळीच्या दोन्ही अंगांनी पाणी आत येऊ लागलं होतं. मग इंजिन बंद पडलं. परशरामानं पाण्यात उतरून हँडल मारलं, परत मारलं, पुन्हा मारलं. गाडी ढकलून बघितली. चाकं वाळूत रुतली होती. निपाणीला परत जाऊन दुसरा डॉक्टर आणावा, का घराकडं धावावं, हे त्या बिचाऱ्याला ठरवता येईना. काठावर एक बाई धुणं धूत होती. तो तिच्याकडं बघून नुसता रडत उभा राहिला आणि शेवटी घराकडं पळत सुटला.

तारामती बस्तीतून आली तर छप्पर मोकळं. तिच्या हातात अजून अभिषेकाच्या गंधोदकाची वाटी होती. शेजारणीनं सांगितलं, जत्राटच्या अंगाला गेली गाडी. यमनाप्पा आला, त्यानं टांगा बोलावला, आणि दोघं उतारावर पोचली तेव्हा डॉक्टर मोटारीत बसलेले दिसले. पाणी पायाशी खेळत होतं. बॅग भिजू नये म्हणून त्यांनी छातीशी धरली होती.

तारामती लुगडं तसंच पाण्यात घालून गाडीपर्यंत गेली.

"बरं झालं आलीस," डॉक्टर म्हणाले. "पेशंट कुठलं गं आजचं?"

पेशंट कुठलं हे तिलाही माहीत नव्हतं. काठावरची बाई आता धावत आली. "आक्का, त्यो परशराम न्हाय का, मळ्यातला, त्येची बायकू अडलीया वो सकाळधरनं! ह्यास्नीच न्यायला आलता!"

तारामतीनं नवऱ्याच्या हातातून बॅग घेतली. त्यांनी ती सोडली नाही, तशी तिनं ओढून घेतली. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्या हातातून काही ओढून घेतलं नव्हतं. यमनाप्पाला म्हणाली, "ह्यास्नी घरी ने," आणि तशीच नदी ओलांडून पलीकडं गेली. पलीकडं ऊस नेणारी एक गाडी होती. गाडीवानानं ऊस रस्त्यावर टाकला आणि बैल पळवले.

ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. मूल पोटातच गेलं होतं. अंजनी शुद्धीवर नव्हती, अंग गार पडत चाललं होतं. पुढं जे करायचं ते तारामतीनं केलं. उंबऱ्याबाहेर विचारायला कुणी बसलेलं नव्हतं. उन्हं कलायला लागली तेव्हा अंजनीनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा आजूबाजूला बघितलं, मग स्वतःच्या पोटाकडं. तारामतीनं तिचा हात धरला. तिला काही सांगावं लागलं नाही.

मुलगा होता. डोक्यावर दाट केस होते.

बाहेर परशराम जोत्यावर बसला होता. तारामती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो चिडेल, ओरडेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "आक्का, त्येस्नी ठाऊक न्हवतं, तर कुनी मला सांगायचं न्हाय व्हय?"

 गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे ती स्वतःलाच इतके दिवस सांगत आली होती. त्याच्या दारात उभं असताना ते तिला पुन्हा म्हणता येईना.

मोटार बैलांनी ओढून घरी आणली. दोन दिवसांनी बाबगोंडा जोतिरामाला घेऊनच आला.

"झालं त्ये झालं, वैनी. त्येचं वाईट मलाबी हाय. पर गाडीचा काय दोष? नीट करून घेऊ. किल्ली तुमच्या कमरेला ठेवा. यमनाप्पाबिगर कुनी हात लावायचा न्हाय. दादाला न्हाय म्हंजे न्हाय. पर निदान बसून फिरंल तरी. तेवढं बी काडून घेनार का त्येचं?"

जोतिराम गाडीजवळ उकिडवा बसून खालच्या पट्टीवरचे पोपडे बोटानं सोलत होता. ते पानासारखे सुटून पडत होते. "आता उशीर झालाय पर हुईल," तो म्हणाला. "पानी लागलंय, तरी हुईल. मी रंगबी लावून देतो. बेळगावात एक जण हाय, त्याच्याकडं हिरवा असंल."

तारामतीच्या डोळ्यांपुढं एकदम ती गाडी उभी राहिली, हिरवी, नवी, कडेला तांबेरा नसलेली. डॉक्टर मागं टेकून बसलेले. रस्त्यावर बाळाबाई हात पुढं करून. तिला ते हवं होतं. इतकं हवं होतं की तोंडातून 'करा' हा शब्द येऊ नये म्हणून तिनं ओठ दाबून धरले.

"न्हाय," ती म्हणाली. "न्हाय करायची."

"वैनी..."

"गाडी दारात हाय तवर लोकांला वाटणार डॉक्टर हाय. भोंगा वाजला की वाटणार डॉक्टर आला. कुनीतरी लांबचं येणार, त्येला म्हाईत नसणार. भावजी, त्या पोराच्या डोस्क्याव केस हुते वो."  मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि जोतिरामाला सांगितलं, "इंजिन मळ्यात हिरीवर बसवा. पाणी काडायला हुईल. बाकीचं मोडा. आमी बस्तीत गेलो की मोडा, त्येस्नी मी संग नेतो."

बाबगोंडा निघून गेला आणि कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नाही.

तिला वाटलं होतं, डॉक्टर विसरतील. ते माणसांची नावं विसरले, जेवलो की नाही हे विसरले, स्वतःची आई कधी गेली ते विसरून तिला हाका मारायला लागले. मोटारही विसरतील. चार दिवस त्रास होईल, मग डोळ्याआड झाली की मनाआड.

पण सकाळी कोट घालून ते छपराखाली गेले आणि मोकळी जागा बघून परत आले.

"तारा, मोटार कुठं गेली?"

तिनं खरं सांगितलं. "गंजलीती. चालवण्याजोगी न्हवती. मोडीत घातली."

डॉक्टर तिच्याकडं बघत राहिले. मग ओसरीच्या खांबाला धरून खाली बसले आणि रडले. म्हातारा माणूस असा रडलेला तिनं पाहिला नव्हता, तोंड उघडं टाकून, आवाज न काढता. ती शेजारी बसली. दुपारपर्यंत त्यांना शांत केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोट घालून छपराखाली गेले आणि परत आले. "तारा, मोटार कुठं गेली?"

तिला वाटलं ते चिडवतायत. चेहरा बघून कळलं, नाही. कालचं सगळं पुसून गेलं होतं. तिनं परत सांगितलं आणि परत तेच झालं, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, रोज. बाकी सगळं गेलं होतं, पण मोटार गेलेली मात्र त्यांना रोज नव्यानं कळत होती. ती रोज सकाळी खरं बोलत होती आणि रोज सकाळी त्यांना मारत होती.

कुठल्या दिवशी ते झालं हे तिनं मुद्दाम लक्षात ठेवलं नाही. डॉक्टर छपराकडून येताना दिसले, त्यांचा चेहरा पडायला लागलेला दिसला, आणि त्यांनी विचारायच्या आतच तिच्या तोंडून निघालं, "मोटार दुरुस्तीला गेलीया. गंज काडायला. येईल."

"व्हय?" डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा निवळला. "जोतिरामाकडं का? बरं केलंस. लई गंजलीती." आणि ते ओसरीवर बसून चहा प्यायले.

तारामती आत गेली. देवाच्या कोनाड्यासमोर उभी राहिली, पण हात जोडले नाहीत. पुढं कुणी साधू, माताजी निपाणीत आल्या की ती दर्शनाला जायची, मागं बसायची, व्रत घ्यायची वेळ आली की उठून यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, घरी ते एकटेच हायत.

त्या खोट्यावर घर चाललं. यमनाप्पाही ते शिकला. बाबगोंडाही एक दिवस आला, भावाजवळ बसला आणि म्हणाला, "हुईल की आता, दादा. पत्रा मिळंना म्हून राहिलंय." मग तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "वैनी, चहा असंल तर द्या." तिनं दिला.

परशराम त्या दारात पुन्हा आला नाही. त्याची बायको मात्र तिला एकदा भेटली, पावसाळ्याच्या तोंडावर, गुरुवारच्या बाजारात. तारामती वांगी घेत होती. समोर अंजनी उभी होती, हातात मिरच्यांची पाटी. दोघींनी एकमेकींना ओळखलं. तारामतीला वाटलं ती निघून जाईल तर बरं. अंजनी गेली नाही. जवळ आली, पाटी खाली ठेवली आणि वाकून तिच्या पायाला हात लावला.

"डॉक्टर बरं हायत न्हवं?" तिनं विचारलं.

 भर बाजारात, वांग्यांच्या ढिगासमोर, तारामती त्या पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. अंजनीही रडली. भाजीवाली बाई दोघींकडं बघत तराजू हातात धरून तशीच थांबली. मग अंजनीनं पाटी उचलली, चार मिरच्या तारामतीच्या पिशवीत टाकल्या आणि गर्दीत गेली.

लढाई संपली. रस्त्यावरून पुन्हा मोटारी धावायला लागल्या. भोंगा ऐकला की डॉक्टर मान वर करायचे. तारामतीला आता कधी ते ओळखायचे, कधी नाही. ओळखलं नाही की उठून उभे राहायचे, लहानपणीच्या घरच्या कानडीत म्हणायचे, "बर्रि, कुंदर्रि," म्हणजे या, बसा, आणि स्वतःची जागा तिला बसायला द्यायचे. ती बसायची. सकाळचा प्रश्न मात्र चुकत नव्हता. कोट घालून ते छपराकडं जायचे, परत यायचे, विचारायचे. ती सांगायची, दुरुस्तीला गेलीया, येईल. मग चहा. तिला त्या प्रश्नाची इतकी सवय झाली होती की चहाचं आधण ती तो प्रश्न आल्यावरच उतरवायची.

मग एका सकाळी त्यांनी कोट मागितला नाही. ओसरीवर येऊन बसले. ऊन पायांवर येत होतं, त्याकडं बघत राहिले. तारामती चुलीजवळ थांबली होती. आधण उकळून उकळून निम्मं झालं. ती बाहेर आली. छपराकडं त्यांची पाठ होती.

ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आवं," ती म्हणाली, "मोटार दुरुस्तीला गेलीया हं. येईल."

डॉक्टरांनी तिच्याकडं अदबीनं बघितलं.

"कुनाची?" त्यांनी विचारलं.